मनू सामोआ २०२७ : संघबांधणी कुठून सुरू करायची?

दुसरी_फळी | ५ डिसेंबर २०२५

परवा सिडनीत २०२७ च्या रग्बी विश्वचषकाची गटसोडत झाली. सामोआचा राष्ट्रीय संघ, म्हणजे मनू सामोआ, ‘ई’ गटात आहे, सोबत फ्रान्स, जपान आणि अमेरिका. स्पर्धा ऑस्ट्रेलियात १ ऑक्टोबर २०२७ ला सुरू होते, म्हणजे हातात बावीस महिने आहेत.

पात्रतेची अगदी शेवटची जागा सामोआने नोव्हेंबरात दुबईत मिळवली. ब्राझील आणि नामिबियाला हरवलं, बेल्जियमशी १३-१३ अशी बरोबरी झाली आणि तेवढ्यावर निभावलं. त्याआधीचा प्रवास वाईट होता. पॅसिफिक नेशन्स कपात टोंगाकडून १६-३० आणि अमेरिकेकडून १३-२९ अशी हार. मग पात्रतेसाठी चिलीशी दोन सामन्यांची लढत: पहिला ३२-३२, दुसरा चिलीतल्या विन्या देल मारला १२-३१. १९९१ मध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १६-१३ हरवणाऱ्या आणि उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या देशाची ही अवस्था पाहवत नाही.

इथे मला आवडत्या खेळाडूंची यादी नको आहे. बांधणी कोणत्या जागेपासून सुरू करायची आणि कोणता खेळाडू कोणत्या महिन्यात खरोखर मिळू शकतो, यावर बोलू.

माझं मत आधीच सांगतो. सामोआने पुढच्या पाच जणांपासून सुरुवात करावी: पहिल्या फळीतले दोन प्रॉप आणि त्यांच्यामधला हुकर, आणि त्यांच्यामागचे दोन लॉक. आजवर उलटं होत आलंय. चेंडू घेऊन पळणाऱ्या बॅकपैकी मोठ्या नावाचा सेंटर किंवा फ्लायहाफ आधी पक्का होतो आणि पहिल्या फळीत उरलेसुरले भरले जातात. २०२३ चा विश्वचषक आठवा. चिलीवर ४३-१० विजय, मग अर्जेंटिनाकडून १०-१९, जपानकडून २२-२८, इंग्लंडकडून १७-१८. तीन पराभव मिळून फरक १६ गुणांचा. यातला जपानविरुद्धचा सामना जिंकला असता तर गटात तिसरा क्रमांक आणि २०२७ चा थेट प्रवेश मिळाला असता. तो हुकला म्हणून दोन वर्षांनी आठ पात्रता सामने खेळावे लागले. इतक्या थोडक्यात गेलेल्या सामन्यांत एखादा स्क्रम पेनल्टी (स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे फॉरवर्ड भिडून चेंडूसाठी ढकलतात तो) किंवा गोलरेषेपासून पाच मीटरवर हरवलेला लाइनआउटच (बाहेर गेलेला चेंडू हुकर दोन रांगांमध्ये फेकतो तो) निकाल ठरवतो.

२०२३ मध्ये चमू ३३ जणांचा होता. तोच आकडा धरून माझी वाटणी: लूजहेड (डावा प्रॉप) ३, हुकर ३, टाइटहेड (उजवा प्रॉप) ३, लॉक ४, मागचे तीन फॉरवर्ड (दोन फ्लँकर आणि नंबर आठ) ६, म्हणजे १९ झाले. स्क्रमहाफ ३, फ्लायहाफ २, सेंटर ४, विंग-फुलबॅक मिळून ५, हे १४. पण वाटणीपेक्षा निवडीचा क्रम महत्त्वाचा. आधी तिन्ही टाइटहेड, मग हुकर, मग लाइनआउट पुकारणारा लॉक, मग गोलवर लाथ मारणारा. बाकीच्या जागा त्यानंतर.

---

डावा_विंग | ५ डिसेंबर

दुसरी_फळी, पाया पुढच्या पाचांचा हे मान्य. पण माणसं आणणार कुठून? देशाची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. दर्जेदार खेळाडू न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये विखुरलेले. जन्महक्काचा नियम त्यासाठीच आला ना? २०२३ ला स्टीव्हन लुआटुआ, लिमा सोपोआगा हे माजी ऑल ब्लॅक्स (न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचे खेळाडू) आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळलेला क्रिश्चन लेआलीइफानो, सगळे त्याच दारातून आले. त्यांच्यामुळेच लीलमध्ये इंग्लंड शेवटची दहा मिनिटं राहिली तरी मागे होता. तेच पुन्हा करा, ताज्या दमाचे माजी ऑल ब्लॅक्स शोधा.

---

दुसरी_फळी | ५ डिसेंबर

नियमाला माझा विरोध नाही, तो न्याय्यच आहे. पण तो कसा चालतो ते नीट मांडूया, कारण तारखेचं गणित सामोआच्या विरोधात जातं.

१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार खेळाडूला आयुष्यात एकदाच देश बदलता येतो. अटी दोन. शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर ३६ महिने उलटलेले हवेत. आणि तो स्वतः, किंवा आईवडिलांपैकी, आजीआजोबांपैकी कुणी एक नव्या देशात जन्मलेलं हवं.

आता मोजा. स्पर्धा १ ऑक्टोबर २०२७ ला सुरू होते. ३६ महिने मागे गेलं की येतो ऑक्टोबर २०२४ चा पहिला दिवस. त्या वर्षीचा रग्बी चॅम्पियनशिपचा शेवटचा सामना २८ सप्टेंबरला होता. म्हणजे जो ऑल ब्लॅक किंवा वॉलबी (ऑस्ट्रेलियाचा खेळाडू) २०२४ च्या नोव्हेंबर दौऱ्यावर एक मिनिट जरी खेळला, तो २०२७ साठी बाद. आणि ज्याचा शेवटचा सामना सप्टेंबर २०२४ च्या अखेरचा, तो विश्वचषकाच्या तोंडावर पात्र होईल, पण त्याआधीचा एकही सराव सामना सामोआकडून खेळू शकणार नाही. विंगला हे एक वेळ चालेल. हुकरला अजिबात नाही. सात जणांच्या लाइनआउटमध्ये नेमका कोण कधी उडी घेणार हे त्याला डोळे मिटून ठाऊक असावं लागतं.

दुसरं, वय. लेआलीइफानो २०२७ ला चाळीस वर्षांचा असेल, सोपोआगा आणि लुआटुआ छत्तीसचे. २०२३ ला दहा नंबरच्या (फ्लायहाफच्या) जागेवर अनुभवी माणसं बसवली, पण त्यांच्या मागे २३-२४ वर्षांचा कुणी तयार केला नाही. जन्महक्काने एक स्पर्धा सावरली आणि पुढची उघडी पडली. म्हणून या मार्गाने चारपेक्षा जास्त खेळाडू घेऊ नयेत, आणि त्या प्रत्येकामागे त्याच जागेचा एक तरुण त्याच शिबिरात असावा.

---

ऑकलंडकर | ६ डिसेंबर

दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट राहून गेली: दिनदर्शिका. सामोआचं घोडं अडतं ते इथेच.

क्लबला खेळाडू सोडणं बंधनकारक आहे ते जुलै आणि नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय खिडक्यांत (देशांच्या सामन्यांसाठी राखलेल्या काळात) आणि विश्वचषकासाठी. पॅसिफिक नेशन्स कप होतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. त्या वेळी कोण कुठे असतो ते बघा.

फ्रान्सच्या टॉप १४ चा हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो. नवा करार झालेला प्रॉप पहिल्याच महिन्यात गैरहजर राहिला तर त्याची जागा जाते. इंग्लंडमध्ये तसंच. न्यूझीलंडची प्रांतीय स्पर्धा एनपीसी ऑगस्ट ते ऑक्टोबर चालते, म्हणजे काउंटीज-मनुकाउ, ऑकलंड, वेलिंग्टनकडून खेळणारी सामोअन वंशाची पोरं नेमकी तेव्हाच अडकलेली. उलट जपानची लीग वन डिसेंबर ते मे-जून. तिथले खेळाडू ऑगस्टला मोकळे असतात, पण दोन-अडीच महिने सामनाच खेळलेले नसतात. सुपर रग्बी या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि पॅसिफिकच्या क्लब स्पर्धेतले खेळाडू जूनमध्ये मोकळे होतात आणि त्यांचा दमही टिकून असतो.

म्हणून ७० जणांची लांब यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवावेत. करार कोणत्या महिन्यात संपतो. जुलै, ऑगस्ट-सप्टेंबर आणि नोव्हेंबर यांपैकी कधी मिळेल. गेल्या सहा महिन्यांत किती मिनिटं खेळला. आणि पात्रतेचे कागद पूर्ण आहेत का. शेवटचा रकाना फालतू समजू नका. आजोबांचा जन्म सामोआच्या सवाई बेटावरच्या एखाद्या गावात झालेला, नोंद उशिरा केलेली, पुढे मताई (कुटुंबप्रमुखाची) पदवी मिळाली की ती नावाच्या आधी लागते, आणि न्यूझीलंडच्या कागदांवर वेगळंच आडनाव. हे जुळवायला कित्येक महिने जातात. ऐन निवडीच्या आठवड्यात हा घोळ सुरू करून चालत नाही. मार्च २०२६ पर्यंत सत्तरच्या सत्तर जणांचे कागद हातात हवेत.

आणि हो, युरोपातले प्रॉप वगळून चालणार नाही. सुपर रग्बीत खेळणारे सामोआसाठी उपलब्ध टाइटहेड हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मायकल आलाआलातोआचं घर घ्या. तो सामोआचा २०२३ चा सहकर्णधार आणि टाइटहेड, त्याचा धाकटा भाऊ ॲलन ऑस्ट्रेलियाचा टाइटहेड. एकाच घरातले दोन टाइटहेड, दोन देशांत.

---

नवी_प्रेक्षक | ६ डिसेंबर

छान चर्चा. एक प्राथमिक शंका. आपल्याकडे अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात जूनमध्ये रग्बी प्रीमियर लीग झाली, ती सात-सात जणांची होती. सामोआ, फिजी यांचे सात जणांचे संघ भारी असतात. तेच खेळाडू पंधरा जणांच्या संघात का घेत नाहीत? आणि टाइटहेडमध्ये असं काय विशेष आहे की सगळे त्याच्याच मागे लागलेत?

---

हुकर_नंबर_दोन | ६ डिसेंबर

प्राथमिक अजिबात नाही, मुळाचा प्रश्न विचारलात.

सात जणांच्या खेळात सात-सात मिनिटांचे दोन भाग आणि स्क्रम तीन विरुद्ध तीन. मैदान तेवढंच, माणसं निम्म्याहून कमी, म्हणून वेग आणि दमसास असलेला खेळाडू लागतो. त्यातून विंग मिळतो, सेंटर मिळतो, कधी चांगला फ्लँकरही मिळतो. १२० किलोचा प्रॉप आणि दोन मीटर उंचीचा लॉक त्यातून तयार होत नाहीत, आणि आपण अडलोय त्याच जागांवर. फिजीने २०१६ आणि टोकियोत सात जणांचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, तरी पंधरा जणांच्या संघाचा स्क्रम सुधारायला त्यांना वेगळी व्यवस्था उभारावी लागली.

आता टाइटहेड. स्क्रममध्ये दोन्ही पहिल्या फळ्या एकमेकींत डोकी अडकवतात. लूजहेडची डावी बाजू मोकळी असते. टाइटहेडचं डोकं मात्र समोरचा हुकर आणि समोरचा लूजहेड यांच्यामध्ये असतं, म्हणजे दोन्ही खांद्यांवर दाब. तो मागे सरकला की अख्खा स्क्रम त्याच्या बाजूने वळतो. बैलांचं जू एका बाजूला कललं की गाडी रस्ता सोडते ना, तसं. पंचांचा हात वर जातो, पेनल्टी, तीन गुण किंवा पाच मीटरवर लाइनआउट.

चुका नेमक्या कुठे होतात ते सांगतो. ‘क्राउच, बाइंड, सेट’ या तीन हाकांत ‘बाइंड’ला टाइटहेडचा उजवा हात समोरच्याच्या धडावर लागला पाहिजे. घाईत तो दंडावर पकडतो, कोपर खाली जातं, कोपराबरोबर खांदा आणि खांद्याबरोबर सगळा स्क्रम जमिनीवर. दुसरी चूक पायांची. पाय फार मागे ठेवले की गुडघा सरळ होतो आणि ढकलायला काही उरत नाही. गुडघ्याचा कोन साधारण ११० ते १२० अंश हवा आणि खांदे कमरेपेक्षा खाली जाता कामा नयेत. तिसरी चूक टाइटहेडची नसतेच. त्याच्यामागचा लॉक नितंबाखाली खांदा बरोबर बसवत नाही, त्यामुळे ढकल तिरकी जाते आणि टाइटहेडची कंबर बाहेर फेकली जाते. टीव्हीवर दोष दिसतो प्रॉपचा, खरा दोष लॉकचा. म्हणून प्रॉप आणि त्याच्यामागचा लॉक ही जोडी म्हणून निवडावी लागते.

हे सगळं चार दिवसांच्या शिबिरात बसत नाही. क्रम असा: आधी यंत्रावर, मग एकास एक, मग तीनास तीन, मग पाचास पाच, शेवटी आठास आठ. आठवड्यातून दोन दिवस प्रत्यक्ष स्क्रम, दर वेळी बारा ते सोळा धडका, त्यापेक्षा जास्त नको, मान आणि पाठ जाते. घडी बसायला किमान तीन आठवडे. चिलीविरुद्धच्या दोन लढतींत आठवड्याभराचं अंतर होतं. तेवढ्या वेळात काहीच दुरुस्त करता येत नाही.

आणखी एक. सामन्याच्या २३ जणांत पहिल्या फळीचे तीन राखीव का असतात? कारण पहिल्या फळीत प्रशिक्षित माणूसच उभा राहू शकतो, नाहीतर मान मोडेल. फेब्रुवारी २०२२ ला डब्लिनमध्ये इटलीचा हुकर जखमी झाला, बदली आलेल्या हुकरला लाल कार्ड मिळालं. प्रशिक्षित हुकर उरला नाही म्हणून बिनढकलीचे स्क्रम घ्यावे लागले आणि नियमाप्रमाणे इटलीला आणखी एक माणूस बाहेर काढावा लागला. उरलेला सामना ते तेरा जणांनी खेळले, आयर्लंड ५७-६. चमूत तीन हुकर का हवेत याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

---

डावा_विंग | ७ डिसेंबर

हुकर_नंबर_दोन, प्रॉप-लॉक जोडीचा मुद्दा पटला. स्क्रममध्ये लॉकची चूक अशी लपते याकडे माझं लक्षच नव्हतं.

पण मग फिजीचं काय? त्यांच्याकडेही युरोपात विखुरलेले खेळाडू आहेत. तरी २०२३ ला ट्विकेनहॅमवर इंग्लंडला ३०-२२, विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २२-१५, २०२४ ला कार्डिफमध्ये वेल्सला २४-१९, यंदा जुलैत सुवाला स्कॉटलंडला २९-१४. त्यांना जमलं ते इतरांना का नाही?

---

दुसरी_फळी | ७ डिसेंबर

फिजियन द्रुआ, फिजीचा स्वतःचा व्यावसायिक क्लब संघ. एका शब्दात उत्तर तेच.

२०२२ मध्ये द्रुआ सुपर रग्बीत आली. देशातच राहून, लाउटोका आणि सुवाच्या मैदानांवर घरचे सामने खेळत, तेच तीस-पस्तीस जण फेब्रुवारी ते जून दर आठवड्याला एकत्र स्क्रम लावतात. २०२३ च्या विश्वचषकात फिजीच्या चमूत अर्ध्याहून जास्त जण द्रुआचे होते. द्रुआचे प्रशिक्षक मिक बर्न हेच २०२४ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, त्यामुळे लाइनआउटच्या हाकासुद्धा नव्याने शिकाव्या लागल्या नाहीत. युरोपातून येणाऱ्या दहा-बारा जणांना चालत्या गाडीत चढायचं असतं.

मजबुती किती ते एका प्रसंगातून दिसलं. विश्वचषकाच्या पहिल्या सामन्याआधी सरावात केलेब मुंट्झ हा पहिल्या पसंतीचा फ्लायहाफ जखमी झाला. तरी ऑस्ट्रेलियाला हरवलं, कारण गोलवर लाथा मारायला द्रुआचाच स्क्रमहाफ सिमिओने कुरुवोली तयार होता.

सामोआकडे असं स्वतःचं काही नाही. मोआना पासिफिका हा सुपर रग्बीतला संघ आहे, पण ती ऑकलंडला असते आणि सामोआ-टोंगा दोघांत वाटलेली. शिवाय तिथला खेळाडू ऑल ब्लॅक्सचीही वाट पाहू शकतो. सामोआच्या राजधानीत, आपियात, तिचा सामना २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रेड्सविरुद्ध झाला तसा क्वचितच होतो.

---

ऑकलंडकर | ७ डिसेंबर

मोआनाला इतकं कमी लेखू नका. सामोआ आणि टोंगाच्या राष्ट्रीय संघांत शिरणारे बरेच जण आज तिथेच वर्षाचे पाच महिने व्यावसायिक पद्धतीने तयारी करतात. त्याआधी एवढंही नव्हतं. पाहिजे ते इतकंच की लाकापी सामोआने, म्हणजे सामोआच्या रग्बी संघटनेने, मोआनाच्या प्रशिक्षकांशी बसून स्क्रमची पद्धत, लाइनआउटची भाषा आणि बचावाची रचना एक ठेवावी. द्रुआची नक्कल करायला पैसा लागतो. हाका सारख्या ठेवायला लागत नाही.

---

कोकणकडा | ८ डिसेंबर

पैशाचा विषय निघालाच आहे तर प्रशिक्षकांचाही काढतो. २०२३ पर्यंत सेइलाला मापुसुआ, २०२४ ला माहोनरी श्वाल्गर, २०२५ ला तुसी पिसी. तीन हंगामांत तीन माणसं. तिघेही सामोआचे माजी खेळाडू, तिघांनाही खेळाची जाण. पण प्रत्येक बदलाबरोबर बचावाची रचना बदलते. एक जण बचावफळी बाहेरून आत दाबत आणतो, दुसरा आतून बाहेर सरकवतो. खेळाडूने वर्षभर एक सवय लावलेली आणि दुसऱ्या वर्षी उलटी. टॅकल उंच जाण्याचं हे एक मोठं कारण आहे. शंका आली की माणूस अर्धी पायरी उशिरा निघतो, वाकायला वेळ उरत नाही, खांदा डोक्याला लागतो आणि कार्ड. जपानविरुद्ध टुलूझला बेन लॅमचं पिवळं कार्ड बंकरमध्ये (चित्रफीत तपासणाऱ्या पंचांकडे) लाल झालं आणि सहा गुणांनी सामना गेला.

पिसी यांना २०२७ पर्यंत ठेवावं. दुबईची बरोबरी कुणाला आवडली नसेल, पण आज चौथा माणूस आणणं म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून.

टॅकलसाठी करायची गोष्ट साधी आहे. सरावात दर आठवड्याला एक दिवस दोरी कमरेच्या उंचीवर बांधून तिच्याखालून जाऊन टॅकल. आणि प्रत्येक सामन्यानंतर खेळाडूगणिक नोंद: किती टॅकल छातीच्या वर गेले, त्यांतले किती ६० व्या मिनिटानंतरचे. बहुतेक चुका थकल्यावर होतात. ज्याचा आकडा साठीनंतर चढतो त्याला पन्नासाव्या मिनिटाला बदला, शिक्षा म्हणून नव्हे, तर शेवटच्या वीस मिनिटांत पंधरा जण मैदानावर राहावेत म्हणून.

---

हुकर_नंबर_दोन | ८ डिसेंबर

कोकणकडा, टॅकलच्या नोंदीची कल्पना उत्तम. तशीच लाइनआउटची ठेवावी. माझ्या मते सामोआने पहिल्या वर्षी फक्त आठ हाका ठेवाव्यात: चार जणांच्या दोन, पाच जणांच्या तीन, सात जणांच्या तीन. आठच्या आठ सगळ्या हुकरांना पाठ. युरोपातून शुक्रवारी उतरलेला हुकरही सोमवारी त्या फेकू शकला पाहिजे. बारा-पंधरा हाकांची पुस्तिका दिली की दडपणाखाली माणूस पुढच्या उडीवाल्याकडेच फेकतो, कारण तेवढंच नक्की आठवतं. समोरच्याला ते दहा मिनिटांत कळतं.

हुकरने रोज पन्नास फेका, त्यातल्या शेवटच्या वीस धावून दमल्यावर. ताज्या हाताने सरळ फेकणारे पुष्कळ असतात.

हाका पुकारायला थियो मॅकफारलँड. सामोआत जन्मलेला, आधी बास्केटबॉल खेळलेला, त्यामुळे हवेतल्या चेंडूवर हात बसलेला. लॉक आणि फ्लँकर दोन्हीकडे चालतो. पण दुसरा पुकारणारा आत्तापासून हवा, कारण तो इंग्लंडमध्ये खेळतो आणि ऑगस्टला मिळेलच असं नाही.

---

नवी_प्रेक्षक | ८ डिसेंबर

धन्यवाद, आता स्क्रम वेगळ्या नजरेने पाहीन. गटाबद्दल विचारू का? फ्रान्स आणि जपान असताना पुढे जायची आशा कितपत?

---

ऑकलंडकर | ९ डिसेंबर

आशा चांगली आहे. या वेळी २४ संघ, सहा गट, प्रत्येकाचे तीनच सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि सहा तिसऱ्यांपैकी सर्वोत्तम चार पुढे जातात. म्हणजे एक दणदणीत विजय आणि एक-दोन निसटते पराभवही पुरेसे ठरू शकतात. चार ट्रायांचा (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं म्हणजे ट्राय) जादा गुण आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या पराभवाचा जादा गुण, हे दोन्ही सोन्याच्या मोलाचे.

त्यानुसार निवड बदलते. अमेरिकेविरुद्ध चार ट्राय हव्यातच, तिथे सगळ्यात ताकदवान पुढची फळी आणि पाच मीटरवरून मॉल (चेंडूवाल्याभोवती घट्ट जमून उभ्याने पुढे ढकलणं). जपान वेगाने चेंडू काढतो. २०२४ च्या पॅसिफिक नेशन्स कपाच्या उपांत्य फेरीत टोकियोला त्यांनी सामोआला ४९-२७ हरवलं होतं. त्यांच्याविरुद्ध दमसास असलेले फ्लँकर आणि राखीव बाकावर सहा फॉरवर्ड, दोन बॅक. फ्रान्सविरुद्ध दुसऱ्या पसंतीचे प्रॉप सुरुवातीला उतरवावेत आणि फरक कमी राखावा. गुणफरकही मोजला जातो, म्हणून ‘हा सामना गेलाच’ असं धरून खेळता येणार नाही.

आता विश्वचषकाच्या तयारीबद्दल. क्लबना सुमारे पाच आठवडे आधी खेळाडू सोडावे लागतात, म्हणजे ऑगस्टअखेर सगळे एकत्र. जपानहून येणाऱ्यांना जून-जुलैत सामने मिळाले पाहिजेत, नाहीतर पोटऱ्या आणि मांडीचे स्नायू पहिल्याच आठवड्यात जातात. युरोपहून येणाऱ्यांना झोपेची घडी बसायला आठवडा जातो. सामोआ २०११ च्या अखेरीस तारीखरेषेच्या पश्चिमेला आला, त्यामुळे आपिया आणि ऑकलंडची तारीख आता एकच असते आणि शिबिराचं वेळापत्रक आखणं बरंच सोपं झालंय. शिबिराचा पहिला आठवडा आपियातच व्हावा. बाहेर वाढलेल्या पोरांनी गावचं चर्च, आजोळ, आपिया पार्कची गर्दी पाहावी. २०१५ ला ऑल ब्लॅक्स तिथे आले तेव्हा अख्खं उपोलू बेट रस्त्यावर होतं आणि सामोआने त्यांना २५-१६ पर्यंत झुंजवलं.

---

डावा_विंग | ९ डिसेंबर

ऑकलंडकर, शेवटचं वाचून बरं वाटलं. मी माझं मत थोडं बदलतो. जन्महक्काने दोनच माणसं आणा, एक टाइटहेड आणि एक फ्लायहाफ, तीही २०२६ च्या जुलैत खेळू शकणारी. पण विंग आणि सेंटरचं कुणीच बोलत नाहीये. लीलला दोन ट्राय केल्या त्या नायजेल आह-वाँगने, प्रॉपने नव्हे.

---

दुसरी_फळी | १० डिसेंबर

आणि त्या ट्रायांसाठी चेंडू कुणी मिळवला? पण तुमचं बरोबर आहे, बॅक लाइन गृहीत धरता येत नाही. तिथे माणसं भरपूर आहेत एवढाच माझा मुद्दा. म्हणून तिथली निवड जून २०२७ पर्यंत खुली ठेवता येते. टाइटहेडची नाही.

चर्चेनंतर माझी वाटणी बदलतो. मॅकफारलँड दोन्हीकडे चालत असल्याने लॉक ५, मागचे तीन मिळून ५. टाइटहेड ३ ऐवजी ४, कारण तिथली दुखापत भरून निघत नाही. लूजहेड ३, हुकर ३. एकूण २० फॉरवर्ड. जागा काढायची तर स्क्रमहाफ ३ वरून २. बाकी तसंच, बॅक १३.

---

हुकर_नंबर_दोन | १० डिसेंबर

चार टाइटहेडना माझा पाठिंबा. दोनच स्क्रमहाफ मात्र धोक्याचं आहे. एक जण सरावात घोटा मुरगळून बसला की दुसऱ्याला ऐंशी मिनिटं खेळवावं लागेल, आणि जखमी म्हणून बदललेला खेळाडू चमूत परत येऊ शकत नाही, त्यामुळे दहा दिवसांच्या दुखापतीसाठी माणूस कायमचा घालवायचा का हा प्रश्न येतो.

---

ऑकलंडकर | १० डिसेंबर

त्यावर तोड आहे. स्पर्धा ऑस्ट्रेलियात आहे, ऑकलंड-सिडनी साडेतीन तासांचं विमान. ऑक्टोबरमध्ये एनपीसी चालूच असते. तिसरा स्क्रमहाफ एनपीसीतला निवडायचा, ऑगस्टअखेरचं शिबिर त्याला करू द्यायचं, आठही हाका पाठ करून घ्यायच्या आणि मग त्याला परत प्रांताकडे पाठवायचं. तो दर आठवड्याला सामना खेळत राहील आणि निरोप गेला की दुसऱ्या दिवशी संघासोबत सराव करेल. टाइटहेडच्या बाबतीत हे जमत नाही. त्याला मागच्या लॉकची सवय नसते आणि एका सरावात ती होत नाही. म्हणून चौथा टाइटहेड चमूत, तिसरा स्क्रमहाफ ऑकलंडला. फक्त त्या पोराच्या प्रांतीय संघाशी हे बोलणं २०२७ च्या मार्चआधी झालं पाहिजे, त्यांचे करार त्यानंतर पक्के होऊ लागतात.